विषय: डॅशकॅम फोनला जोडलाच जात नाहीये, क्लिप गुरुवारच्या आत हवी आहे

अश्विनी, सोमवार रात्री

नमस्कार मंडळी,

काल गणपतीचं मखर घेऊन येताना झालेल्या अपघाताचं सगळ्यांना कळलंच आहे. आम्ही दोघंही ठीक आहोत, मखरालाही धक्का लागलेला नाही, तेव्हा काळजी नसावी.

अडचण वेगळीच आहे. त्या व्हॅनवाल्याने पोलिसांना सांगितलं की लेन मी बदलली. म्युनिकजवळ होल्झकिर्शनच्या अलीकडे मी मधल्या लेनमध्ये सरळ चालले होते, तो उजवीकडून आत आला आणि मागच्या दारापासून पुढच्या चाकापर्यंत घासत गेला. सगळं डॅशकॅममध्ये, म्हणजे काचेवरच्या कॅमेऱ्यात, असणार. इन्शुरन्सला गुरुवारपर्यंत लेखी कळवायचंय आणि मला ती क्लिप फोनवर घेताच येत नाहीये.

फोनच्या वायफाय यादीत कॅमेऱ्याचं नाव दिसतं, पासवर्ड घेतो, बरोबरची खूणही येते. अ‍ॅप उघडलं की चक्र फिरत राहतं आणि शेवटी ‘डिव्हाइस सापडलं नाही’. हाच कॅमेरा आणि हाच आयफोन जुन्या गाडीत व्यवस्थित चालायचे. नवी गाडी आल्यापासून जोडायची वेळच आली नव्हती.

कोणाला माहीत असेल तर लगेच सांगा. उद्या सकाळी ऑफिसला गाडी न्यायची आहे.

अश्विनी

---

तेजस, सोमवार रात्री

ताई, मोबाइल डेटा बंद कर आणि मग अ‍ॅप उघड. माझ्याकडे अँड्रॉइड आहे, तिथे हाच घोळ व्हायचा. कॅमेरा स्वतःच छोटा हॉटस्पॉट सोडतो, पण त्या हॉटस्पॉटच्या पलीकडे इंटरनेट नसतं. फोनला वाटतं की हे वायफाय कुचकामी आहे, म्हणून तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो. अ‍ॅप बिचारं कॅमेऱ्याला शोधतंय इंटरनेटवर, आणि कॅमेरा आहे काचेवर.

अँड्रॉइडवर ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरीही जोडलेलं राहायचं का’ असं विचारतं. तिथे हो म्हणायचं. पुष्कळ जण घाईत नाही दाबतात. व्हीपीएन चालू असेल तर तोही बंद कर. आणि अ‍ॅप काढून परत टाक.

---

मिलिंद, सोमवार रात्री

अश्विनी, आधी हे वाच, बाकीचं नंतर.

उद्या ती गाडी चालवू नकोस. चालवायचीच असेल तर कॅमेऱ्यातलं कार्ड काढून घे. लूप रेकॉर्डिंग आहे. कार्ड भरलं की सगळ्यात जुनी फाइल पुसून त्यावर नवीन लिहिली जाते. तुझं कार्ड ३२ जीबीचं आहे ना? गेल्या वर्षी आपण एकत्रच मागवली होती. पुढचा-मागचा दोन्ही कॅमेरे फुल एचडीत धरले तर त्यावर जेमतेम दोन-अडीच तास मावतात. काल तू घरी येईपर्यंत तासभर तरी पुढे रेकॉर्ड झालंच असेल. उद्या ऑफिसची जा-ये झाली की क्लिप गेली.

धक्का बसल्यावर फाइल आपोआप लॉक होते, म्हणजे पुसली जात नाही, यावर विसंबू नकोस. ते काम जी-सेन्सर, म्हणजे धक्का ओळखणारा भाग, करतो आणि त्याला कळायला जोराचा झटका बसावा लागतो. दोन्ही गाड्या जवळपास एकाच वेगाने जात असताना घासल्या तर सेन्सरला काहीच जाणवत नाही असं होऊ शकतं.

वायफायबद्दल सविस्तर उद्या सकाळी लिहितो. तेजसने सांगितलेलं बरोबर आहे, पण तो अँड्रॉइडचा उपाय आहे. आणि अ‍ॅप काढून परत टाकायची गरज नाही, त्यात लोकेशन आणि लोकल नेटवर्कच्या परवानग्या नव्याने द्याव्या लागतात, उलट गोंधळ वाढतो.

---

नाना, मंगळवार पहाटे

अश्विनी, जिवावरचं गाडीवर निभावलं. देवाची कृपा.

पण डॅशकॅम आहे हे पोलिसांना सांगितलंस का? नसेल तर आता सांगू नकोस. इथे जर्मनीत ते बेकायदा आहे, उगाच दंड तुलाच बसेल. आम्ही इर्शेनबर्गच्या चढावर ठोकले गेलो होतो तेव्हा कॅमेरे कुठे होते? मागच्या गाडीतलं एक म्हातारं जोडपं स्वतःहून थांबलं, नाव-पत्ता देऊन गेलं, आणि त्यांच्या साक्षीवर सगळा खर्च मिळाला. साक्षीदार शोध. तुझ्यामागे आपल्यापैकी कोण होतं? दोन गाड्या एकत्रच निघाल्या होत्या ना?

---

वृंदा, मंगळवार सकाळी

नाना, दुसरी गाडी आमची होती, पण आम्ही रोझेनहाइमला पेट्रोलला थांबलो होतो, त्यामुळे काही पाहिलं नाही.

अश्विनी, मखराची पेटी तुझ्याच डिकीत आहे ना? गाडी गॅरेजला जाण्याआधी कोणीतरी ती हॉलवर नेऊन ठेवायला हवी. शुक्रवारी संध्याकाळी सजावट समितीची मंडळी येणार आहेत. मखर कोणाच्या गाडीतून जाणार हे समितीला आधी कळवायचं असं मागच्या वर्षी ठरलं होतं, या वेळी परस्पर ठरलं. अपघात सांगून होत नाही हे मान्य, पण थर्मोकोलची प्रभावळ एकदा तुटली की आठ दिवसांत नवीन होत नाही.

---

अनघा, मंगळवार सकाळी

नाना, आदर ठेवून सांगते, हे अर्धंच बरोबर आहे आणि अश्विनीचं त्यात नुकसान होईल.

१५ मे २०१८ ला कार्ल्सरूहच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे बीजीएचने, नेमक्या अशाच प्रकरणात निकाल दिला. माग्डेबुर्गमध्ये दोन गाड्या शेजारच्या लेनमध्ये घासल्या आणि चूक कोणाची यावर वाद. न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. कारण नसताना सतत रेकॉर्डिंग करत राहणं डेटा संरक्षणाच्या नियमात बसत नाही, हे खरं. पण म्हणून ती क्लिप पुरावा म्हणून बाद होत नाही. दिवाणी दाव्यात दोन्ही बाजूंचं हित तोलून ती वापरता येते. थोड्या वेळाच्या फाइल्स ज्या आपोआप पुसल्या जातात आणि धक्का बसल्यावरच टिकतात, अशा रेकॉर्डिंगकडे न्यायालयाने त्यातल्या त्यात बऱ्या नजरेने पाहिलं.

मी इन्शुरन्सच्या नुकसानभरपाई विभागात बसते, अशा क्लिप आमच्याकडे येतात आणि बघितल्याही जातात. अश्विनी, वकील केला असशील तर त्याच्यामार्फत दे. कापाकापी नको, मूळ फाइल जशीच्या तशी ठेव. कॅमेऱ्याचं घड्याळही बघ. जीपीएस नसलेला कॅमेरा उन्हाळी वेळेवर आपणहून जात नाही. क्लिपवर एक तास मागची वेळ असेल तर पत्रात तसं लिही, नाहीतर समोरचा वकील तेच पकडून बसेल.

आणि क्लिप व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. दुसऱ्यांच्या नंबरप्लेट दिसतात.

---

तेजस, मंगळवार सकाळी

मिलिंददादा, अँड्रॉइडचा उपाय असं काही नसतं, आयफोनमध्येही ‘वायफाय असिस्ट’ आहेच. मोबाइल डेटाच्या पानावर सगळ्यात खाली. ते चालू असेल तर तोही असाच डेटावर सरकतो.

---

मिलिंद, मंगळवार सकाळी

तेजस, ते मान्य. पण अश्विनीने एक वाक्य लिहिलंय ते सगळ्यांच्या नजरेतून सुटलं: जुन्या गाडीत चालायचं, नव्या गाडीत नाही. फोन तोच, कॅमेरा तोच. म्हणजे दोष गाडीकडे शोधायचा.

नव्या गाडीत वायरलेस कारप्ले आहे, म्हणजे आयफोन वायरीशिवाय गाडीच्या पडद्याला जोडला जातो. ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं, पडद्यावरचा नकाशा आणि गाणी प्रत्यक्षात वायफायने जातात. गाडीचा पडदा स्वतःचं वायफाय सोडतो आणि आयफोन त्याला चिकटतो. पुष्कळ गाड्यांत इग्निशन चालू केल्याशिवाय सिगारेट लायटरच्या सॉकेटला वीज येत नाही, म्हणजे कॅमेरा चालू होतो त्याच क्षणी कारप्लेही फोनला हाक मारतो. तू कॅमेऱ्याचं नाव दाबतेस, खूण येते, आणि गाडी फोनला परत ओढून घेते. एका फोनला या दोघांशी एका वेळी नीट बोलता येत नाही. वायरलेस अँड्रॉइड ऑटोचंही हेच.

म्हणून असं कर. सेटिंग्ज, जनरल, कारप्ले, तिथे गाडीचं नाव निवडून कारप्ले तात्पुरतं बंद कर. ब्लूटूथही बंद. मोबाइल डेटा बंद. मग कॅमेऱ्याचं वायफाय चालू कर. काही मॉडेलमध्ये ते काही मिनिटांत आपोआप बंद होतं, तेव्हा कॅमेऱ्यावरची खूण लुकलुकतेय ना ते बघ. मग फोनवर जोड. अ‍ॅप उघडल्यावर ‘स्थानिक नेटवर्कवरची उपकरणं शोधू द्यायची का’ असं विचारलं तर हो म्हण. आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, ही परवानगी लागते. पूर्वी कधी नाही म्हटलं असशील तर ते परत विचारत नाही. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये लोकल नेटवर्क उघडून अ‍ॅपसमोरचं बटण स्वतः चालू करावं लागतं.

घरातल्या दुसऱ्या फोनवर तेच अ‍ॅप असेल तर त्याचं वायफाय बंद ठेव. बरेच कॅमेरे एका वेळी एकच फोन घेतात.

कारप्लेला हात लावायचा नसेल तर कॅमेरा काढून घरी आण आणि पॉवर बँकेवर चालव. तिथे गाडीच नाही, भांडणही नाही. लॅपटॉपला लावू नकोस, त्याला वाटतं आपण पेनड्राइव्ह आहोत आणि वायफाय चालूच होत नाही.

---

नाना, मंगळवार दुपारी

अनघा, तुझं वाचलं. निकालाचं मला ठाऊक नव्हतं, चांगलं झालं लिहिलंस. तरी साक्षीदार तो साक्षीदार. पोलिसांनी त्या जागी आणखी कोणाचा नंबर टिपून घेतला होता का, ते वकिलाला फाइल मागवून बघायला सांग.

आणि अश्विनी, हे जोडाजोडीचं काम इंजिन पूर्ण बंद ठेवून कर. इंजिन चालू असताना फोन हातात दिसला तर १०० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या वाहनचालक नोंदीत तुझ्या नावावर एक पॉइंट.

---

वृंदा, मंगळवार दुपारी

मखराबद्दल कोणीच उत्तर दिलेलं नाही.

---

यादी-संचालक, मंगळवार दुपारी

मखर आणि वाहतूक यांच्यासाठी कृपया वेगळी विषयओळ करा. ‘गणपती – सामान’ असा धागा गेल्या आठवड्यापासून उघडाच आहे. पुढच्या वर्षी कोणी ‘डॅशकॅम’ शोधलं तर त्याला प्रभावळ सापडायला नको. व्हिडिओ यादीवर जोडू नयेत, मोठ्या जोडण्या सर्व्हर परत पाठवतो.

---

अश्विनी, मंगळवार रात्री

मिळाली!

आज ट्रेनने गेले, कार्ड रात्रीच काढून घेतलं होतं. संध्याकाळी कार्ड परत घालून कॅमेरा वर आणला, पॉवर बँक लावली, लोकल नेटवर्कचं बटण बंदच होतं ते चालू केलं, आणि अ‍ॅपमध्ये सगळी यादी उघडली. मग खाली जाऊन कारप्ले बंद करून गाडीतही करून पाहिलं, तिथेही जोडलं गेलं. कारप्ले चालू केलं की परत तेच चक्र. मिलिंद, तुझंच बरोबर.

क्लिप लॉक झालेली नव्हती. जी-सेन्सरच्या फोल्डरमध्ये फक्त आमच्या तळघरातल्या पार्किंगच्या उंचवट्याची एक फाइल होती. अपघाताची फाइल साध्या फोल्डरमध्ये, पुसली जाण्याच्या रांगेत.

आणि क्लिपमध्ये काय दिसतं ते सांगते, कारण मी स्वतः बघितल्यावर माझा जीव भांड्यात पडला. उजवीकडची तुटक पांढरी रेघ बॉनेटच्या उजव्या कडेपासून सारख्या अंतरावर सरकत राहते, सबंध वेळ. मग आवाज येतो, चित्र जरा थरथरतं, आणि व्हॅनचं पुढचं चाक उजवीकडून रेघेच्या अलीकडे आलेलं दिसतं. मी स्टिअरिंग हलवलेलंच नाही. दोन दिवस मनात होतं की मीच डावी-उजवीकडे झाले असेन का. नाही झाले.

वायफायवरून फाइल उतरवताना इतका वेळ लागला की मध्येच कॅमेऱ्याचं वायफाय बंद पडलं. उद्या कार्ड-रीडर हवा आहे, कोणाकडे आहे?

वृंदाताई, पेटी डिकीतून काढून घरात आणून ठेवली आहे. गुरुवारी रात्री कोणीही घेऊन जा.

---

मिलिंद, मंगळवार रात्री

फार बरं वाटलं. कार्ड-रीडर मी सकाळी ऑफिसला जाताना देतो. मूळ कार्ड आता कॅमेऱ्यात परत घालू नकोस, पाकिटात घालून वर तारीख लिहून ठेव आणि नवीन घे. ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच घे, साधी कार्डं सततच्या लिहिण्या-पुसण्याने लवकर जातात.

सगळ्यांना एक विनंती. आज रात्री घरी गाडी उभी असताना एकदा फोन जोडून बघा. ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी पासवर्ड आठवत नाही. आणि तो पासवर्ड कंपनीने दिलेला १२३४५६७८ असेल तर बदला. शेजारच्या गाडीतलं कोणीही आत शिरू शकतं.

---

दिलीप, बुधवार सकाळी

माझं थोडं वेगळं आहे. माझ्या फोनच्या यादीत कॅमेऱ्याचं नावच येत नाही, बायकोच्या फोनवर येतं. दोघांचे अँड्रॉइड, माझा बराच जुना. आणि दिवाळीत आम्ही गाडीने व्हिएन्नाला जातोय, तिथे हा कॅमेरा चालेल का?

---

तेजस, बुधवार सकाळी

दिलीपकाका, कॅमेरा ५ गीगाहर्ट्झवर असेल आणि तुमचा फोन फक्त २.४ वर. कॅमेऱ्याच्या मेनूत वायफायचा बँड २.४ करा, दिसायला लागेल. फाइल उतरायला जास्त वेळ लागेल, पण जोडलं जाईल. जुन्या अँड्रॉइडवर लोकेशन चालू नसेल तरी अ‍ॅपला आजूबाजूची वायफाय दिसत नाहीत, तेही बघा.

---

अनघा, बुधवार सकाळी

ऑस्ट्रियात डॅशकॅमच्या बाबतीत डेटा संरक्षणवाले इथल्यापेक्षा बरेच कडक आहेत, दंड होऊ शकतो. झाल्सबुर्गच्या आधीच्या शेवटच्या विसाव्याला थांबाल तेव्हा विन्येट, म्हणजे ऑस्ट्रियाच्या महामार्गांचा टोल-पास, घ्यायची आणि कॅमेरा काचेवरून उतरवून डिकीत ठेवायचा. परत येताना लावा.