टेबलांवर उभी असलेली जुनी वेबसाइट सीएसएसवर न्यावी का? नेमका फायदा काय?

ग्रंथमित्र:
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची एक वेबसाइट आहे, २००४ च्या आसपासची, तेव्हाच्या एका सभासदांनी हौसेनं करून दिलेली. साठेक पानं असतील, सगळी साधी एचटीएमएलची, डेटाबेस वगैरे भानगड नाही. वर नाव आणि फोटो, डावीकडे मेनू, मधे मजकूर, उजवीकडे सूचना, आणि हे सगळं टेबलात टेबल त्यात परत टेबल असं बसवलेलं. जागोजागी फॉन्ट टॅग, प्रत्येक सेलचा रंग तिथल्या तिथे लिहिलेला. आता ती सांभाळायचं काम माझ्याकडे आलंय.

मोबाइलवर ती कुणाला वाचताच येत नाही, बोटांनी ताणून ताणून बघावं लागतं. भाची इंजिनिअरिंगला आहे, ती म्हणते मामा टेबलं काढ आणि सगळी मांडणी सीएसएसमध्ये कर, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या वेगळ्या स्टाइलशीट फाइलीत. आमचे चिटणीस म्हणतात वीस वर्षं चाललंय ते कशाला मोडायचं. मला एचटीएमएल बऱ्यापैकी येतं, सीएसएस रंग आणि फॉन्टपुरतंच. तर स्टाइलशीटनं मांडणी केल्याचा खरा फायदा काय, कार्यकारिणीला पटेल असा? वेळापत्रक आणि वर्गणीच्या दरांची टेबलं आहेत तीही काढायची का? आणि सुरुवात कुठून करू, सगळी पानं एका दमात बदलणं मला शक्य नाही.

सातारकर_वेब:
भाची बरोबर सांगतेय. आधी एक समजून घ्या की तुमच्या सभासदांनी काही चुकीचं केलं नव्हतं, तेव्हा सगळं जग तसंच करत होतं. हाकोन विअम ली यांनी सीएसएसची कल्पना १९९४ च्या ऑक्टोबरात मांडली, पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ ला प्रमाण म्हणून आली, पण ब्राउझर एकेक तऱ्हेचे, नेटस्केप ४ या तेव्हाच्या ब्राउझरमध्ये तर सीएसएसनं मांडणी करणं म्हणजे डोकेदुखी होती, म्हणून लोकांनी आकडेवारीसाठी असलेलं टेबल मांडणीला जुंपलं. जागा सोडायला एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र टाकायचे, तुमच्या फायलींत शोधा, बहुतेक सापडेलच.

आता फायदा. टेबलात मेनू डावीकडे हे पानाच्या आतच पक्कं ठोकलेलं असतं. स्क्रीन २७ इंची असो की हातातला फोन, तीन रकाने म्हणजे तीन रकानेच, मग फोनवर मधला रकाना दोन बोटं रुंद उरतो आणि एका ओळीत दोन शब्द. सीएसएसमध्ये पानात फक्त एवढंच असतं की हा मेनू, हा मुख्य मजकूर, या सूचना. कुठे बसायचं ते वेगळ्या फाइलीत. त्यामुळे त्याच फाइलीत सांगता येतं की रुंदी ७०० पिक्सेलपेक्षा जास्त असेल तर तीन रकाने कर, नाहीतर सगळं एकाखाली एक. मीडिया क्वेरी म्हणतात ती हीच. पानाला हात लावायचा नाही.

आणि हे आता खूप सोपं झालंय हो. मधल्या काळात फ्लोट (एखादा भाग डाव्या-उजव्या कडेला सरकवायची सोय) वापरून रकाने करायचे तेव्हा खरंच कटकट होती, खालचा भाग वर घुसायचा, उंची जुळायची नाही, त्या काळात ज्यांनी हात पोळून घेतले ते अजून सीएसएसला घाबरतात. पण मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स, सफारी या तिघांत सीएसएस ग्रिड, म्हणजे पान ओळी-रकान्यांत मांडायची सोय, आली आणि चित्र पालटलं. ग्रिड-टेम्प्लेट-एरियाज म्हणून एक प्रॉपर्टी आहे, तिच्यात पानाचा नकाशा सरळ शब्दांत लिहायचा. पहिल्या ओळीत मथळा मथळा मथळा, दुसऱ्या ओळीत मेनू मजकूर सूचना, तिसऱ्या ओळीत तळ तळ तळ. बस, मांडणी झाली. ही नावं देवनागरीत लिहिली तरी चालतात बरं का, ब्राउझरला काही अडचण नाही, तुमच्यानंतर जो कुणी सांभाळेल त्याला वाचूनच कळेल कुठे काय आहे.

चिटणिसांना सांगा की उद्या कार्यकारिणीनं ठरवलं की पिवळा नको निळा हवा, किंवा ज्येष्ठ वाचकांसाठी अक्षर मोठं हवं, तर आज साठ फायली उघडाव्या लागतील आणि सीएसएसमध्ये एक ओळ. शिवाय स्टाइलची फाइल ब्राउझर एकदा उतरवून ठेवतो, पुढच्या पानांना परत आणत नाही, म्हणजे पानं हलकी होतात, गावाकडच्या नेटवर हे जाणवतं.

एक मात्र आधीच सांगतो, नाहीतर नंतर निराशा होते. मेनूत नवीन लिंक टाकायची असेल तर ते काम सीएसएस करत नाही. तो मजकूर आहे, तो साठ पानांत साठ ठिकाणीच आहे. त्याला सर्व्हरवर इन्क्लूडची सोय बघा, म्हणजे मेनू एकाच फाइलीत ठेवून सगळ्या पानांत तिथून घ्यायचा. सीएसएसकडून दिसण्याचं काम घ्या, तेवढं ते चोख करतं.

वेळापत्रक आणि वर्गणीचे दर अजिबात काढू नका. वार, सकाळ, संध्याकाळ हे खरोखरचं टेबलच आहे, त्याला टेबलच हवं.

कानानं_वाचतो:
वरच्या प्रतिसादाला +१, आणि एक बाजू राहिली ती सांगतो. मला दिसत नाही, मी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पानावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरतो, २००६ पासून आहे, मोफत आहे, मराठीही वाचतो. टेबलांची मांडणी केलेलं पान माझ्यापर्यंत कसं पोचतं ते ऐका. स्क्रीन रीडर पडद्यावर काय कुठे दिसतंय ते बघत नाही, फाइलीत ज्या क्रमानं लिहिलंय त्या क्रमानं वाचतो. तुमच्या पानावर आधी वरची पट्टी, मग मेनूच्या सगळ्याच्या सगळ्या लिंका, मग कुठे मजकूर. पुढच्या पानावर गेलो की परत तेच. मांडणीचं टेबल आहे की माहितीचं हे एनव्हीडीए अंदाजानं ठरवतो, अंदाज चुकला की "टेबल, अमुक ओळी, तमुक रकाने" हे मधे मधे ऐकावं लागतं आणि आत अजून टेबल असेल तर मी नेमका कुठे आहे तेच कळेनासं होतं.

दुसरं म्हणजे शीर्षकं. फॉन्ट टॅगनं मोठं आणि ठळक केलेलं "नवीन पुस्तके" तुम्हाला शीर्षक दिसतं, मला ते साधं वाक्य असतं. खरा हेडिंग टॅग असेल तर मी एच दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारतो, डोळस माणूस नजर फिरवतो तसंच. लोक हेडिंग टॅग टाळायचे कारण तो अक्षर फार मोठं करतो, पण किती मोठं दिसावं ते स्टाइलशीटमध्ये सांगता येतं ना, मग टॅग खरा वापरायला काय हरकत.

ग्रिडबद्दल एक विनंती. त्यात दिसण्याचा क्रम उलटापालटा करता येतो पण वाचण्याचा क्रम फाइलीतलाच राहतो, टॅबची कळही त्याच क्रमानं जाते. म्हणून आधी फाइलीतला क्रम शहाणा ठेवा, सीएसएस काढून टाकलं तरी वरून खाली वाचताना अर्थ लागला पाहिजे. वाचनालयाच्या साइटवर तरी आमच्यासारख्या वाचकांना हे मिळावं असं फार मनापासून वाटतं.

निळीशाई:
दोघांनीही मुद्द्याचं लिहिलंय. मी छपाई आणि देवनागरी या दोनच गोष्टींवर लिहिते कारण माझं रोजचं काम तेच आहे.

वाचनालयात दिवाळी अंकांची यादी छापून फलकावर लावतात, आमच्याकडे तरी लावतात. टेबलवाल्या पानाची प्रिंट काढली की मेनू, फोटो, रंगीत पट्ट्या सगळं छापून येतं आणि उजवीकडचा मजकूर कापला जातो. स्टाइलशीटमध्ये छपाईसाठी वेगळा भाग लिहिता येतो, त्यात मेनू आणि सूचना लपवा, पार्श्वभूमी पांढरी, अक्षर काळं, रुंदी पूर्ण. तीच यादी, वेबवरही तीच आणि फलकावरही तीच, वर्डमध्ये परत टाइप करायची गरज नाही. कार्यकारिणीला ही एकच गोष्ट करून दाखवलीत तरी पटेल बघा.

देवनागरीसाठी: ओळींमधलं अंतर इंग्रजी साइटवरून उचलू नका. आपल्याला वर वेलांट्या मात्रा रफार, खाली उकार आणि जोडाक्षरं, त्यामुळे लाइन-हाइट १.४ ला ओळी एकमेकींत अडकतात, मी १.७ च्या आसपास ठेवते. अक्षरांमधलं अंतर वाढवणारी लेटर-स्पेसिंग मराठीला लावूच नका, शिरोरेषा तुटते, "वाचनालय" चे तुकडे पडलेले दिसतात. इटॅलिक पण नको, ब्राउझर अक्षर नुसतं तिरकं ढकलतो. आणि पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी आहे असं लॅंग ॲट्रिब्यूटनं सांगा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात मग ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. शिवाय कानानं_वाचतो यांच्या स्क्रीन रीडरला कुठल्या भाषेच्या आवाजात वाचायचं तेही यावरूनच कळतं.

फक्त सभासदांना नवीन पुस्तकांचं ईमेल पाठवत असाल तर त्याला हे सगळं लावू नका. विंडोजवरचं जुनं आउटलुक २००७ पासून वर्डचं इंजिन वापरून ईमेल दाखवतं, त्याला ग्रिड कळत नाही, तिथे अजून टेबलच चालतं.

ग्रंथमित्र:
सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. निळीशाई ताई, छपाईचा मुद्दा चिटणिसांना आजच सांगितला, ते लगेच म्हणाले मग दिवाळीच्या आधी करा!

दिवाळी अंकांच्याच पानाची एक प्रत घेऊन सुरुवात केली. टेबलं काढली, मजकूर मुख्य भागात घेतला, ग्रिड बसलं, फोनवर एकाखाली एक दिसतंय, फार आनंद झाला. पण फॉन्ट टॅग काढल्याबरोबर अर्ध्या पानांत मराठी गेली आणि इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसायला लागला. टॅग परत टाकला की माझ्या कॉम्प्युटरवर नीट दिसतं. हे सीएसएसमुळे होतंय का?

सातारकर_वेब:
नाही दादा, सीएसएसमुळे नाही. तुमची ती पानं युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) आधीची आहेत. शिवाजी, कृतिदेव असले जुने फॉन्ट असायचे ना, त्यांत फाइलीत खरोखर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त फॉन्टमध्ये त्या जागी मराठी आकार काढून ठेवलेले. म्हणजे तिथे फॉन्ट हा दिसण्याचा भाग नव्हताच, मजकूरच त्याच्यावर टांगलेला होता. तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला वीस वर्षं गोंधळच दिसत आलाय, फोनवर तर नक्कीच, आणि गूगललाही तुमच्या पुस्तकांची नावं कधी सापडली नसणार.

आधी तो मजकूर युनिकोडमध्ये बदला, कन्व्हर्टर मिळतात, पण कुठला फॉन्ट आहे ते फॉन्ट टॅगमध्येच लिहिलेलं असतं तेव्हा टॅग पुसायच्या आधी नाव टिपून ठेवा. बदलल्यावर एकदा डोळ्याखालून घालाच, रफार आणि पहिली वेलांटी हमखास इकडची तिकडे होते. पानावर कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) लिहा. आणि फोनला स्वतःच्या रुंदीप्रमाणे पान मांडायला सांगणारा व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग सगळ्या पानांत टाका, तो नसला तर फोन पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालतो आणि मीडिया क्वेरीचा काही उपयोग होत नाही.

बाकी पानं एकदम नको. नवी स्टाइल फाइल फक्त बदललेल्या पानांना जोडा, जुनी आहेत तशी चालू राहू देत. सगळ्यात जास्त बघितली जातात ती आधी: मुखपृष्ठ, वेळ आणि वर्गणी, दिवाळी अंक.

कानानं_वाचतो:
युनिकोड झालेलं पहिलं पान टाकलंत की लिंक द्या. मी ऐकून सांगतो कुठे अडतंय, वेलांट्या चुकल्या असतील तर कानाला लगेच कळतं.

ग्रंथमित्र:
नक्की देतो. मुखपृष्ठ शिवाजी फॉन्टमध्ये निघालं, आज रात्री तेच बदलायला घेतो.