ग्रुप प्रोजेक्ट: चौघांचं काम दोघींच्या गळ्यात, सबमिशन तीन आठवड्यांवर

प्रश्न
कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, शेवटचं वर्ष. विषय चेहरा ओळखून हजेरी लावायचा. प्लेसमेंट झाल्यापासून ग्रुपमधले दोघे गायब. फोन केला की "उद्या नक्की बसू गं". मॉडेल माझ्या लॅपटॉपवर चालतं, वेबसाइट मैत्रिणीच्या. दोन्ही अजून जोडलेलं नाही. ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा बांधीव अहवाल) कोरं. गाइड म्हणतात, एक मुलगा देतो तुम्हाला. रात्री तीनला जाग येते, पोटात गोळा. घ्यावा का पाचवा?

प्रतिसाद १
नको घेऊस. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्सनं १९७५ मध्येच लिहून ठेवलंय: रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी रखडतो. नव्याला कोड समजावणार कोण? तूच. शिवाय चौघांत बोलायच्या जोड्या ६, पाचवा आला की १०.

आज रात्रीच दोन्ही तुकडे जोडा, कितीही ओबडधोबड का होईना. फोटो टाकला, नाव आलं, तक्त्यात एक ओळ पडली, बास. आमच्या ऑफिसात रिलीजआधीचे सगळे भूकंप इथेच होतात, जो तो म्हणतो "माझ्याकडे चालतंय". मोबाइल ॲप, एसएमएस वगैरे ठरवलं असेल ते 'फ्यूचर स्कोप'मध्ये ढकल. ते प्रकरण त्यासाठीच असतं.

गायब वीरांना आता कोड देऊ नकोस, निस्तरायला तूच लागशील. लिटरेचर सर्व्हे (आधी झालेल्या कामाचा आढावा), आकृत्या, टेस्ट केसेस दे. "जमेल तेव्हा" नाही. ग्रुपवर नावानिशी लिही, अमुक प्रकरण, शुक्रवार संध्याकाळ. नाही आलं तर गाइडना लगेच सांग, व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) दिवशी नाही. ह्याला चुगली म्हणत नाहीत.

प्रतिसाद २
ब्लॅक बुक मागे ठेवू नका. शेवटच्या आठवड्यात बाइंडिंगवाल्याकडे रांग असते आणि सही करणारे सर नेमके पेपर तपासायला गेलेले असतात. डेमोचा व्हिडिओही काढून ठेवा. लॅबच्या ट्यूबलाइटखाली कॅमेरा दगा देतो. आमच्या वेळी त्यानं बाहेरून आलेल्या परीक्षकांनाच आमच्या वर्गातला मुलगा ठरवलं होतं.

प्रतिसाद ३
झोपेचं कुणी बोललंच नाही! जेवण झालं की प्रोजेक्टचा ग्रुप म्यूट करायचा, सकाळपर्यंत. तरी पोटातला गोळा जात नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री तीनलाही उचलतात.

प्रश्नकर्ती
दादा, काल जोडलं. अनोळखी माणसालाही 'हजर' दाखवतंय, पण ओळ पडली! पाचव्याला नाही म्हटलं, गाइड जरा नाराज आहेत. एकानं लिटरेचर सर्व्हे घेतलाय. दुसऱ्याच्या फक्त निळ्या टिका आल्यात, त्यामुळे शुक्रवारी सरांकडे जावं लागेल असं दिसतंय.