जन्मदाखल्यावर कोणतं नाव घालायचं : नावरसाचं की घरचं?

तापीथडी
जळगाव-धुळ्याकडे हल्ली बाळाचं नाव ठरतं कसं? दवाखान्यातून जन्मवेळ घ्यायची, जोशीबुवांकडून अक्षर आणायचं, ते मोबाइलमध्ये टाकायचं आणि यादीत वर दिसेल ते उचलायचं. माझं म्हणणं, नावरस, म्हणजे जन्मनक्षत्राच्या अक्षरावरून आलेलं नाव, पत्रिकेत राहू द्या. दाखल्यावर ज्याचा अर्थ घरात चार जणांना ठाऊक आहे तेच नाव घाला. त्या यादीतले अर्थ तरी तपासा. ‘आरव’ला शांत म्हणतात, पण संस्कृतात आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा. ‘अनय’ म्हणजे अनीती. ‘रेयांश’ म्हणे सूर्याचा किरण. मग यातला ‘रेय’ कुठला शब्द? ‘मायरा’ हा राजस्थानात मामाने आणायचा आहेर. आणि इकडे तापी, मुक्ता, अनेर अशी सरळ अर्थाची नावं पडून आहेत.

सव्वादोन_नक्षत्रं
पटलं नाही. नावं यादीने बिघडवली, अक्षराने नव्हे. 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे 4 चरण म्हणजे भाग, दर चरणाला एक अक्षर, एकूण 108 अक्षरं. रोहिणीला ओ, वा, वी, वू येतात. ‘वा’वरून वासुदेव, ‘वी’वरून वीणा ठेवायला कोणी अडवलंय? उलट अक्षर ठरलं की घरातले वीस जण वीस नावं घेऊन भांडत नाहीत.

चुका होतात त्या पंचांग बघताना. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. मंगळवारी रात्री दीडला जन्मलेलं बाळ सोमवारच्या ओळीत शोधायचं असतं. काही पंचांगांत ती वेळ 25 वाजून 30 मिनिटं अशी छापतात. लोक मंगळवारची ओळ बघतात आणि नक्षत्रच चुकतं. दवाखान्याचं घड्याळ पाच-दहा मिनिटं पुढेमागे असलं तर मात्र सहसा फरक पडत नाही, कारण चंद्राला एक चरण ओलांडायला साधारण सहा तास लागतात. चरण बदलण्याच्या आसपासचा जन्म असेल तेवढीच काळजी घ्यावी. नक्षत्र संपायची वेळ जळगावला वेगळी आणि मुंबईला वेगळी असंही नसतं. गावागणिक बदलतं ते पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्मवेळी उगवत असलेली रास.

तापीथडी
मग हस्ताच्या तिसऱ्या चरणाचं काय? अक्षर ‘ण’. ठेवा नाव.

सव्वादोन_नक्षत्रं
ण, ङ, ञ आलं की राशीचं दुसरं अक्षर घेतात. हस्त म्हणजे कन्या रास, तेव्हा ‘प’ चालतो. ही सोय जुनीच आहे.

दाखला_आधी
तुम्ही दोघं अक्षरावर अडलात, खरा घोळ कागदावर होतो. जन्म कळवायची मुदत 21 दिवसांची. दवाखान्यात बाळंतपण झालं तर माहिती दवाखानाच पाठवतो. नाव ठरलं नसेल तर तो रकाना कोरा ठेवायला सांगा. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे दवाखान्यातून सुट्टी मिळताना कोणाच्या तरी आग्रहाने काहीतरी लिहून द्यायची गरज नसते. नाव नंतर 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मात्र एकदा नाव नोंदलं की अक्षराची चूक दुरुस्त होते, आवडत नाही म्हणून नाव बदलायला गेलात तर राजपत्रापर्यंत धावपळ. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे जन्मतारखेसाठी हाच दाखला लागतो, तेव्हा हयगय नको.

दुसरं, नोंद जन्म झाला तिथे होते, गावी नाही. आपल्याकडची किती तरी बाळंतपणं सुरतेला होतात. तिथला दाखला गुजराती आणि इंग्रजीत मिळतो. गावच्या शाळेत इंग्रजीवरून नाव उतरवतात आणि अर्णवचा अर्नव, प्रवाळचा प्रवाल होऊन बसतो. पहिलं बाळंतपण माहेरी असलं की आईचं नाव माहेरच्या आडनावाने लिहिलं जातं, तीही नेहमीची चूक. फॉर्मवर सही करण्याआधी आईचं आधार कार्ड शेजारी धरून अक्षर न् अक्षर जुळवा.

गिरणेचं_पाणी
घरचं नाव, घरचं नाव काय लावलंय? घरचीच नावं उखर्डू, भिका, दगडू अशी होती. आधीची लेकरं दगावली की दृष्ट लागू नये म्हणून ठेवायचे. अर्थ सगळ्या गावाला ठाऊक, आणि शाळेत हजेरीला तोच अर्थ पोराच्या अंगावर यायचा. त्यापेक्षा अर्थ नसलेला ‘रेयांश’ परवडला. त्याला कोणी चिडवत तरी नाही.

तापीथडी
उखर्डू ठेवा असं कुठे म्हटलं? पण मुद्दा मान्य, ‘घरच्यांना ठाऊक’ एवढीच कसोटी पुरत नाही. ‘वर्गात पुकारलं तर चालेल का’ हेही बघावं.

पांझराकाठची_फुई
भाऊ, नाव ठेवाना हक फुईना, म्हणजे आत्याना शे, मोबाइलना नही. पाळण्याखालून ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ झालं, घुगऱ्या वाटल्या, पण कानात कुर्रर्र करणारीला नाव आदल्या रात्री फोनवर कळतं! फुईला दोन नावं आधी सांगा, त्यातलं एक तिला निवडू द्या. आणि नाव तोंडात बसतं का ते बघा. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा डोया. ‘निर्मळा’ ठेवलं तर आजी ‘निर्मया’ म्हणणार. तिला ते गोडच वाटेल, पण नंतर तक्रार नको.

दाखला_आधी
फुईबाई, अजून एक. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावात बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. म्हणजे चार शब्द. त्यात ‘जयसिंग’सारखं नाव कुठे जोडून, कुठे तोडून लिहिलं की दोन कागद जुळत नाहीत. मात्र पाटलांचा फायदा. एका वर्गात तीन ‘ओम पाटील’ असले तर आता आईच्या नावावरून ओळखू येतील.

सव्वादोन_नक्षत्रं
तिघांच्या आयांची नावंही ‘मनीषा’ निघाली तर?

दाखला_आधी
मग वडिलांचं बघा. तेही ‘संजय’ असतील तर जोशीबुवा, तुमच्याकडेच पाठवतो.