जिप्सी उंच केल्यानंतर पुढचे अलाइनमेंट आणि प्रोपेलर शाफ्टचे कोन

अंजनेरीकर (प्रश्न)

नमस्कार. पेठ-सुरगाण्याकडच्या कच्च्या रस्त्यांसाठी मी माझी मारुती जिप्सी उंच करून घेतली आहे. चारही कमानपाट्यांना (लीफ स्प्रिंगना) नव्याने बाक दिला आणि पुढे-मागे मूळच्यापेक्षा ५० मिमी लांब शॅकल (पाट्याचे एक टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) बसवले. चिखलात गाडी उत्तम चालते, परंतु मुंबई-आग्रा महामार्गावर ताशी ७० किलोमीटरच्या पुढे ती एका रेषेत राहत नाही. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि सरळ रस्त्यावर ते डावीकडे तिरके राहते. याखेरीज ५५ ते ६५ च्या दरम्यान ॲक्सिलरेटर दाबला की मागच्या बाजूने थरथर जाणवते आणि पाय उचलला की ती कमी होते. अलाइनमेंट करणाऱ्याने टो-इन (दोन्ही चाकांची पुढची बाजू किती आत वळलेली आहे ते माप) जुळवून दिले आणि या गाडीत त्यापलीकडे काही जुळवता येत नाही, असे सांगितले. हे खरे आहे का? नसल्यास सुरुवात कोठून करावी?

कमानपाटा

त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. जिप्सीचा पुढचा ॲक्सल अखंड असल्यामुळे कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेरचा कल) जुळवण्याची सोय नाही. तो बिघडला असेल तर किंगपिनचे (पुढचे चाक ज्यावर वळते त्या खुंटीचे) बेअरिंग झिजले आहे किंवा ॲक्सल वाकला आहे, असे समजावे. कॅस्टर (बाजूने पाहता, चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन) मात्र बदलता येतो, आणि आपल्या गाडीत नेमका तोच गेला आहे.

जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला असतात. शॅकल ५० मिमी लांब केला की पाट्याचा पुढचा डोळा (टोकाची गोल वाटोळी) तेवढा खाली जातो आणि मागचा जागेवरच राहतो. दोन डोळ्यांमधले अंतर साधारण एक मीटर धरले, तर पाटा आणि त्यासोबत ॲक्सल जवळजवळ ३ अंशांनी पुढे कलंडतो. मूळ कॅस्टर साडेतीन अंशांच्या आसपास असतो. म्हणजे हातात जेमतेम अर्धा अंश उरतो. चाकाला सरळ रेषेत परत आणणारा जोर कॅस्टरमधूनच येत असल्याने आपण सांगितलेली पहिली दोन्ही लक्षणे येथेच जुळतात. ज्या शॅकलने एवढे नुकसान केले, त्याने ॲक्सलच्या जागी उंची दिली फक्त २५ मिमी. पाट्याला बाक देऊन मिळवलेल्या उंचीत ॲक्सल असा फिरत नाही, म्हणून उंची पाट्यातून घ्यावी, शॅकलमधून नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

अलाइनमेंटच्या यंत्रावर कॅस्टर मोजण्यासाठी चाके फिरत्या तबकड्यांवर ठेवून दोन्ही बाजूंना ठरावीक अंशांपर्यंत वळवावी लागतात. यात वेळ जातो, म्हणून बरेच जण हे टाळतात. आपण आग्रह धरून ते करून घ्यावे. त्याआधी टायरमधील हवा समान करावी, बुश तपासावेत आणि गाडीत नेहमीचे सामान ठेवावे.

स्टिअरिंग तिरके असण्याचे कारण वेगळे आहे. गाडी उंच झाल्यावर ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारी दांडी) अधिक तिरपी होते आणि चाकांचा मध्य स्टिअरिंग बॉक्सच्या मध्यापासून सरकतो. स्टिअरिंग व्हील काढून दाते बदलून बसवण्याचा सोपा उपाय कोणी सुचवला तरी करू नये. बॉक्समधली ढिलाई मध्यभागी सर्वांत कमी असते आणि सरळ चालताना गाडी त्याच जागी असायला हवी. म्हणून आधी टाय रॉडने (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांडीने) टो-इन आणि त्यानंतर ड्रॅग लिंकच्या लांबीने मध्य, असा क्रम ठेवावा.

अंबडचा लेथवाला

थरथरीबद्दल लिहितो. युनिव्हर्सल जॉइंट (प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचा, कोनात फिरू शकणारा सांधा) कोनात फिरला की शाफ्टच्या प्रत्येक फेरीत त्याचा वेग दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. १२ अंशांवर हा चढउतार मूळ वेगाच्या वरखाली सुमारे २ टक्के असतो, तर २० अंशांवर तो ६ टक्क्यांपर्यंत जातो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि शाफ्टचे दोन्ही योक (जॉइंट धरणारे दुबेळके) एका रेषेत असतील, तर एका जॉइंटने केलेला चढउतार दुसरा भरून काढतो. मागच्या पाट्यांचे शॅकल मागच्या टोकाला असल्याने तुमच्या गाडीत पिनियनचे (शाफ्ट ॲक्सलमध्ये ज्या दातचाकाला फिरवतो त्याचे) तोंड वर गेले असणार आणि दोन कोनांतला सारखेपणा मोडला असणार.

अँगल गेज घेऊन ट्रान्सफर केसचा (इंजिनची शक्ती पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे वाटणाऱ्या पेटीचा) मागचा फ्लँज (शाफ्ट जोडण्याची चकती), शाफ्ट आणि पिनियनचा फ्लँज अशी तीन मापे घ्यावीत. त्यासाठी गाडी चाकांवर उभी असावी. ॲक्सल लोंबकळत असताना घेतलेले माप निरुपयोगी ठरते. ट्रान्सफर केसचे तिन्ही रबर माउंटही पाहावेत, कारण त्यांतले एक जरी बसले असले तरी सगळे कोन बदलतात.

अंजनेरीकर

दोघांचेही आभार. कॅस्टर उजवीकडे अर्धा अंश आणि डावीकडे पाऊण अंश निघाला. मागे ट्रान्सफर केसचा फ्लँज २ अंश, शाफ्ट १४ अंश आणि पिनियन ५ अंश असून तिन्हींचा उतार मागच्या बाजूला आहे. माउंट चांगले आहेत.

अंबडचा लेथवाला

म्हणजे पुढच्या जॉइंटवर १२ अंश आणि मागच्यावर ९ अंश. हा ३ अंशांचा फरकच थरथरतो आहे. ॲक्सिलरेटर दाबल्यावर पाटे पिळले जातात आणि पिनियन आणखी वर उचलला जातो, म्हणून त्या वेळी थरथर वाढते. मागे ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये ४ अंशांची पाचर घालावी: ३ अंश शॅकलची भरपाई आणि १ अंश या पिळासाठी. पुढे ३ अंशांची पुरेल.

जिप्सीत ॲक्सल पाट्यांच्या वर बसतो. त्यामुळे पुढे आणि मागे, दोन्हीकडे पाचरीची जाड बाजू शॅकलकडे ठेवावी. पाट्यांवरून ॲक्सल खाली घेतलेल्या गाड्यांत हे नेमके उलटे होते. पाचर पोलादाची करून घ्यावी. ॲल्युमिनियमची दाबाखाली चिरडते. सेंटर बोल्ट (पाट्याच्या मधला) पाचरीच्या जाडीइतका अधिक लांब आणि यू बोल्ट (ॲक्सल पाट्याला आवळणारे) नवे घ्यावेत.

कमानपाटा

एक भर घालतो. पुढचा पिनियन वरच राहू द्या, शाफ्टला बरे पडते, असा सल्ला आपल्याला मिळेल. अखंड ॲक्सलमध्ये कॅस्टर आणि पिनियन एकत्रच फिरतात, त्यामुळे दोन्ही मनासारखे मिळत नाहीत, हे खरे आहे. परंतु फ्री व्हीलिंग हब (पुढची चाके ॲक्सलपासून सोडवणारे हब) मोकळे असताना पुढचा शाफ्ट महामार्गावर फिरतच नाही, कॅस्टर मात्र प्रत्येक क्षणी लागतो. म्हणून पुढे कॅस्टरला आणि मागे शाफ्टला प्राधान्य द्यावे.

पाचरी बसल्यावर चेसिस जॅकवर उचलून ॲक्सल पूर्ण लोंबकळू द्यावा आणि शाफ्टच्या स्लिप जॉइंटचे (लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या सरकत्या सांध्याचे) दाते एकमेकांत पुरेसे उरतात का, ब्रेकचा होज ताणला जातो का, हे पाहावे. कॅस्टर बदलला की टो-इन पुन्हा तपासावे लागते. यू बोल्ट शंभरएक किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत, आणि तोपर्यंत कसारा घाटात गाडी नेऊ नये.