वृत्तनिवेदिका, अँकर की सूत्रसंचालक?

अंकवाली: आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकात एका माजी विद्यार्थिनीचा परिचय लिहायचाय. ती मराठी न्यूज चॅनलवर असते. आधी जिल्ह्याच्या ठिकाणी रिपोर्टर, मग मुंबईत डेस्कवर (म्हणजे ऑफिसात बसून बातम्या लिहिण्या-तपासण्याचं काम), आणि आता संध्याकाळचं बुलेटिन आणि रात्रीचा चर्चेचा शो दोन्ही तीच करते. आमचे सर म्हणतात इंग्रजी शब्द नको, सरळ 'वृत्तनिवेदिका' लिही. ती स्वतः मात्र 'मी अँकर आहे' असंच सांगते. काय लिहू?

नाशिककर: वृत्तनिवेदिकाच लिहा की. किती छान शब्द आहे. दूरदर्शनवर बातम्या देणारे प्रदीप भिडे, अनंत भावे, डॉ. विश्वास मेहेंदळे या सगळ्यांना आपण वृत्तनिवेदकच म्हणत आलो, कोणाचं काही अडलं नाही.

रनडाऊन: नाशिककर दादा, शब्द छान आहे यात वादच नाही, पण मला वाटतं हे दोन शब्द एकाच कामाचे नाहीत. मी बरीच वर्षं न्यूज डेस्कवर काढलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निवेदन म्हणजे तयार मजकूर लोकांपुढे मांडणं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्या काळात कुठली बातमी घ्यायची हे वृत्तसंपादक ठरवायचे आणि निवेदकाच्या हातात लिहिलेला कागद यायचा. मग त्याचं सगळं कसब उच्चारात, कुठे थांबायचं त्यात आणि नावं-गावं न चुकता म्हणण्यात. हे काम सोपं होतं असं अजिबात नाही, भिड्यांचा आवाज लोकांना आजही आठवतो तो उगाच नाही. आणि म्हणूनच भक्ती बर्वे, स्मिता पाटील तिथे इतक्या शोभल्या. स्मिता पाटील तर आधी बातम्यांमुळेच लोकांना माहीत झाली, श्याम बेनेगलांनीही तिला तिथेच पाहिलं.

अँकरचं काम वेगळं. कानात इअरपीस, त्यात पीसीआरमधून, म्हणजे स्टुडिओच्या कंट्रोल रूममधून, प्रोड्यूसर बोलतोय, समोर टीपीवर (टेलिप्रॉम्प्टरच्या पडद्यावर) ओळी सरकतायत, आणि मधेच ब्रेकिंग आलं की टीपी कोरा, हातात एकच ओळ, आणि रिपोर्टर फोनोवर, म्हणजे थेट फोनवरून बोलायला, मिळेपर्यंत तिनेच बोलत राहायचं, तेही चुकीचं काही न बोलता. पाहुण्याला काय विचारायचं, कोणाला कुठे थांबवायचं, ब्रेकला कधी जायचं हे बरंचसं तिच्यावर. इथे जिल्ह्यात केलेलं रिपोर्टिंग कामाला येतं. धरणातला साठा टीएमसीत सांगतात आणि विसर्ग क्युसेकमध्ये, हे ऐन लाइव्हमध्ये कोणी कानात समजावून सांगत बसत नाही. तुमच्या माजी विद्यार्थिनीचा रिपोर्टर-डेस्क-अँकर हा प्रवास म्हणूनच महत्त्वाचा आहे, नुसतं 'निवेदिका' म्हटलं की ती आधीची सगळी मेहनत त्या शब्दाखाली झाकली जाते असं मला मनापासून वाटतं.

'अँकर' हा शब्द अमेरिकेतला. १९५२ मध्ये तिथल्या पक्षांची अधिवेशनं टीव्हीवर दाखवली तेव्हा सीबीएसवर वॉल्टर क्रॉनकाइट जे काम करत होते त्यासाठी तो रुळला, म्हणजे ठिकठिकाणच्या रिपोर्टरना एका जागेवरून धरून ठेवणारा माणूस. आपल्याकडे झी २४ तास आणि स्टार माझा २००७ मध्ये आले, आयबीएन लोकमत २००८ मध्ये, चोवीस तास बातम्या चालवायच्या म्हटल्यावर हे काम आलं आणि कामाबरोबर शब्दही आला. निखिल वागले आधी 'महानगर' या दैनिकाचे संपादक, मग ते आयबीएन लोकमतवर रोज चर्चा घ्यायचे, त्यांना 'वृत्तनिवेदक वागले' म्हणून बघा बरं, जिभेवर बसतच नाही.

अंकवाली: मग 'सूत्रसंचालक' कसं वाटतं? चर्चा तर तीच चालवते.

रनडाऊन: चर्चेच्या शोपुरतं चालेल, पण लोकांच्या डोळ्यांसमोर गाण्याची मैफल नाहीतर पुरस्कार सोहळा येणार. आणि नुसतं 'निवेदिका' लिहिलंत तरी तीच अडचण, म्हणून 'वृत्त' हवंच. 'वृत्तवाचक' मात्र नको, वाचक म्हटलं की आपल्याला पेपर वाचणारा आठवतो. मी असतो तर लिहिलं असतं, 'रिपोर्टर म्हणून सुरुवात करून आज त्या वृत्तवाहिनीवर अँकर आहेत, संध्याकाळच्या बातम्या देतात आणि रात्रीची चर्चा घेतात.' सरांना हे पटेल, क्रियापदं सगळी मराठीच आहेत.

तळपान: एक गंमत सांगते, पेपरात अँकर म्हणजे माणूस नाही, पहिल्या पानाच्या तळाशी लावतात ती बातमी. 'आज अँकरला काय घेताय?' असं संध्याकाळच्या मीटिंगमध्ये हमखास विचारतात. आमच्याकडून कोणी चॅनलमध्ये गेलं की सुरुवातीला हा गोंधळ होतोच.

नाशिककर: रनडाऊन, पटलं. पण 'बातम्या देतात' बरोबर की 'बातम्या वाचतात'? आमच्या घरी 'बातम्या सांगतात' म्हणायचे.

रनडाऊन: तिन्ही चालतात. रेडिओवर 'देणे' होतं, आकाशवाणी पुण्याहून सुधा नरवणे बातम्या 'देत आहे' असंच सांगायच्या, आणि मला तेच सगळ्यात आवडतं कारण त्यात ऐकणाऱ्यालाही जागा आहे. 'वाचणे' कागदावरून किंवा टीपीवरून असेल तेव्हा. 'अँकरिंग करते' बोलण्यात ठीक आहे, अंकात छापू नका.

अंकवाली: आणि अनेकवचन? अँकर्स की अँकर?

तळपान: 'दोन अँकर आले' असं लिहा, डॉक्टर, इंजिनिअर लिहितो तसंच. विभक्तीत 'अँकरनी'. बाईसाठी वेगळं रूप लागत नाही, क्रियापदावरून कळतं. आणि अ वर चंद्रबिंदू द्या, बँक लिहितो तसा, 'ॲंकर' असं दोनदोन चिन्हं लावून लिहू नका, छपाईत हमखास फुटतं.