सायकलसाठी लांबचा शांत रस्ता की सरळ हमरस्ता?

आडवाट

उपनगरातून शहरात सायकलने जायला सुरुवात करणाऱ्याला ठरलेला सल्ला मिळतो: "सरळ हमरस्ता धर, डाव्या कडेने चालव, सवय होईल." मला हा सल्ला मुळीच पटत नाही. सवय व्हायच्या आतच बहुतेकांची सायकल जिन्याखाली जाऊन पडते.

माझं म्हणणं असं की मार्ग किलोमीटरवर जोखू नये, त्यातल्या सगळ्यात वाईट चौकावर जोखावा. साडेनऊ किलोमीटर झाडांच्या सावलीतून गेले आणि उरलेल्या अर्ध्यात उड्डाणपुलाखालचा, चारही बाजूंनी गाड्या अंगावर येणारा चौक असला, तर तो सगळा मार्ग त्या चौकाच्याच लायकीचा. हे काही माझं डोकं नाही. मेकुरिया, फर्थ आणि निक्सन या अभ्यासकांनी २०१२ साली अमेरिकेतल्या सॅन होझे शहराचे रस्ते सायकलस्वाराला येणाऱ्या ताणानुसार चार पातळ्यांत विभागले. मार्गाची पातळी ठरवताना सरासरी काढायची नाही, सगळ्यात वाईट तुकडा धरायचा, हा त्यांचा नियम. त्यातून दिसलं ते असं की शांत रस्ते भरपूर आहेत, पण मोठ्या रस्त्यांनी त्यांचे तुकडे पाडलेत. एका तुकड्यातून दुसऱ्यात सुखरूप जाताच येत नाही.

म्हणून मी मार्ग उलट्या बाजूने शोधतो. नकाशावर आधी अडथळे बघायचे: रेल्वेमार्ग, नदी, द्रुतगती रस्ता. ते ओलांडायच्या जागा मोजक्याच असतात. भुयारी मार्ग, नव्या पुलाशेजारचा जुना पूल, पादचारी पूल, सिग्नल असलेला चौक. त्यातली बरी जागा आधी पक्की करायची आणि मग दोन्हीकडच्या गल्ल्या तिला जोडायच्या. वीस टक्के अंतर वाढलं तर वाढू दे.

पाहणी सुट्टीच्या दिवशी पहाटे करावी म्हणजे वळणं डोक्यात बसतात. पण निर्णय मात्र कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळी एकदा जाऊनच घ्यावा. सुट्टीच्या पहाटे कुठलाही रस्ता गुणी वाटतो. शाळेसमोरची गल्ली दिवसभर निवांत असते आणि शाळा सुटताना तिथे पाय टेकायला जागा नसते.

सरळमार्गी

आडवाट, नाव शोभतंय तुम्हाला.

गल्ल्यांचं एवढं कौतुक नको. दर दहा पावलांवर एक फाटक, आणि त्यातून गाडी मागे घेत कोण बाहेर येईल याचा नेम नाही. कोपऱ्यावर भिंत किंवा उभा टेम्पो, पलीकडचं काही दिसत नाही. गतिरोधक किती ते विचारूच नका. आधी जाण्याचा हक्क कोणाचा हे गल्लीत कोणालाच ठाऊक नसतं. हमरस्त्यावर निदान सिग्नल आहे, रुंदी आहे आणि बाजूच्या गल्लीतून येणारा थांबून बघतो तरी.

हमरस्ता धोक्याचा होतो तो बहुतेक वेळा चालवण्याच्या पद्धतीमुळे. कडेला चिकटून चालवलं की मागच्याला वाटतं, आपली गाडी इथून निघेल. मग तो घासून जातो आणि तुमच्या वाट्याला गटाराची जाळी, काचा आणि वाळू. कडेपासून निदान एक मीटर आत चालवा आणि लेन अरुंद असेल तर सरळ मध्यभागी या. मागचा चिडेल, पण त्याने तुम्हाला पाहिलेलं असेल. जॉन फॉरेस्टर हा अमेरिकी अभियंता १९७० च्या दशकापासून हेच सांगत होता: सायकल हे वाहन आहे, वाहनासारखी चालवा.

आणि वीस टक्के जास्त अंतर म्हणजे रोज दोन्ही वेळेला. भर पावसात त्या वीस टक्क्यांचा हिशेब करून बघा.

त्रैराशिक

@सरळमार्गी, फॉरेस्टरचा सल्ला धडधाकट, वेगवान स्वारासाठी ठीक आहे. असे किती असतात? अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराचे सायकल समन्वयक रॉजर गेलर यांनी २००६ मध्ये लोकांची ढोबळ वर्गवारी केली होती. कुठल्याही रस्त्यावर बेधडक जाणारे एक टक्काही नाहीत. "चालवायला आवडेल, पण भीती वाटते" असे साठ टक्के. आकडे सर्वेक्षणातून आलेले नव्हते, अनुभवावरून बांधलेला अंदाज होता, हेही सांगतो. पण आजूबाजूला नजर टाकली तर चित्र फार वेगळं दिसत नाही.

गल्ली विरुद्ध हमरस्ता यावर मात्र चांगला अभ्यास आहे. कॅनडातल्या टोरांटो आणि व्हँकुव्हरमध्ये जखमी झालेल्या ६९० सायकलस्वारांना त्यांचा त्या दिवशीचा मार्ग विचारला, आणि अपघाताच्या जागेची तुलना त्याच मार्गावरच्या, कुठल्याही निकषाविना निवडलेल्या दुसऱ्या जागेशी केली. म्हणजे माणूस तोच, सायकल तीच, हवा तीच, फरक फक्त जागेचा. ही युक्ती मला फार आवडली. कडेला गाड्या उभ्या असलेल्या हमरस्त्याच्या तुलनेत वस्तीतल्या लहान रस्त्यांवर धोका साधारण निम्मा निघाला, आणि वाहनांपासून पूर्ण वेगळ्या काढलेल्या सायकल मार्गावर सुमारे एक नवमांश. २०१२ साली प्रसिद्ध झालं हे.

@आडवाट, तुम्हीही फार खूश होऊ नका. बागेतून, पाण्याकाठून जाणाऱ्या वाटा, जिथे पादचारी आणि सायकली एकत्र असतात, त्या वाटतात तेवढ्या सुरक्षित निघाल्या नाहीत. ट्रामचे रूळ, उतार आणि रस्त्याचं चालू असलेलं काम यांनी धोका वाढतो.

सरळमार्गी

त्या अभ्यासातल्या गल्ल्या म्हणजे आखीव वस्त्या, जिथे थांबा म्हटलं की गाडी थांबते. सगळ्या जगातल्या गल्ल्या तशा नसतात. आणि हमरस्ता निवडताना तिथेही "कडेला गाड्या उभ्या असलेला" हाच धरलाय. असा रस्ता मीही टाळतो, कारण उभ्या गाडीचं दार कधी उघडेल सांगता येत नाही. दाराच्या टप्प्याबाहेर राहायचं तर निदान दीड मीटर लांब राहायला हवं, आणि तेवढी जागा मिळतेच असं नाही.

आता खरा धोका सांगतो. सिग्नलला ट्रक उभा आहे, त्याच्या डाव्या बाजूला सायकल जाईल एवढी फट आहे. नवखा माणूस त्या फटीतून पुढे सरकतो आणि पुढच्या चाकाच्या जरा मागे जाऊन थांबतो. चालकाला उंचावरून तिथलं काही दिसत नाही. सिग्नल हिरवा होतो, ट्रक डावीकडे वळतो. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, ती आतल्या बाजूने, कोपरा कापत येतात. आधी सुटलेली फट तिथे उरतच नाही. यावर आडवाटेचा उपाय म्हणजे तो चौकच टाळा. माझा उपाय, ट्रकच्या मागे थांबा. माझा उपाय प्रत्येक चौकात चालतो.

आडवाट

मागे थांबावंच, त्यात वाद नाही. पण तुमच्या सगळ्या उपायांत चालवणारा दर क्षणी जागा, शिकलेला आणि खमका असावा लागतो. बारा वर्षांची मुलगी शिकवणीला निघाली तर तिला लेनच्या मध्यभागी यायला सांगाल?

रातराणी

इतक्या प्रतिसादांत रात्रीचा उल्लेख एकदाही नाही, म्हणून लिहिते. सुरक्षित म्हणजे फक्त वाहनांपासून का हो?

सकाळी मी आडवाट यांच्याच पद्धतीने जाते. परतताना अंधार पडलेला असतो, तेव्हा तोच शांत रस्ता मला नको असतो. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला लांबलचक भिंत आणि मधे बाहेर पडायला एकही वाट नाही, अशा ठिकाणी मागून दुचाकीचा आवाज हळू झाला की पोटात गोळा येतो. हमरस्त्यावर वाहनांची भीती वाटते, पण चार माणसं असतात, दुकानं उघडी असतात, चाक पंक्चर झालं तर उजेडात थांबता येतं.

माझ्यासाठी जायचा मार्ग वेगळा आणि यायचा वेगळा. यायचा निवडताना मी तीन गोष्टी बघते: तळमजल्यावर जाग आहे का, थोड्या थोड्या अंतरावर वळायला गल्ली आहे का, आणि दिवे खरोखर लागतात का. खांब मोजून उपयोग नाही, संध्याकाळनंतर जाऊनच बघावं लागतं. भुयारी मार्ग रात्री वर्ज्य, दिवसा कितीही सोयीचा असला तरी.

आडवाट

रातराणी, "मधे बाहेर पडायला वाट आहे का" हा निकष दिवसासाठीही घेतो. पण मग रात्री हमरस्त्यावर त्या वाईट चौकाचं काय करता?

रातराणी

उतरते. फुटपाथवर चढते, सायकल हातात धरून पादचाऱ्यांबरोबर ओलांडते आणि पलीकडे परत बसते. दोन मिनिटं जातात. सायकलवरून उतरलं की अपमान होतो असं काही जणांना का वाटतं, मला कळत नाही.

सरळमार्गी

टोमणा पोचला. :)

खडूस

गंमत आहे. रस्ते बांधणाऱ्यांनी सायकलस्वाराला जागाच ठेवली नाही, आणि आपण इथे भिंतीला टेकून कसं चालावं यावर वाद घालतोय. तुम्ही गल्लीत शिरलात की हमरस्त्यावर सायकली मोजायला येणारा म्हणतो, इथे सायकली नाहीतच, मार्ग कशाला हवा?

सेव्हिल या स्पॅनिश शहरात सायकली जवळपास नव्हत्याच. २००७ च्या सुमारास साधारण ८० किलोमीटरचं सलग जाळं त्यांनी एका दमात उभं केलं. तुकडे नाहीत, सलग. लोक आपोआप बाहेर पडले. बेल्जियममधल्या गेंट शहराने २०१७ मध्ये तर रस्ते फारसे खोदलेही नाहीत. शहराचे भाग पाडले आणि मोटारीला एका भागातून दुसऱ्या भागात थेट जायची बंदी केली, बाहेरच्या वळणरस्त्यानेच जायचं. सायकल मात्र थेट जाते. गल्ल्या आपसूक शांत झाल्या. तुम्ही शोधताय तो शांत रस्ता शोधायचा नसतो, करायचा असतो.

त्रैराशिक

खडूसना अर्ध अनुमोदन. पीटर जेकबसन या अभ्यासकांनी २००३ मध्ये दाखवलं होतं की सायकलस्वारांची संख्या दुप्पट झाली की प्रत्येकाचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी दिसतो. पण यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला हा वाद आहेच. रस्ते चांगले म्हणून लोक आले, की लोक आले म्हणून चालक सावध झाले? "सगळे हमरस्त्यावर उतरा, मग सुरक्षित होईल" असं त्यावरून म्हणता येणार नाही. पहिल्या शंभर जणांनी काय करायचं?

चढउतार

आनंदाबद्दल कोणी बोलतच नाहीये. ॲपवर सायकलस्वारांचे रस्ते ठळक दाखवणारे नकाशे असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. ते पहाटे शर्यतीच्या सरावाला निघणाऱ्यांच्या नोंदींनी भरलेले असतात. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर आधारलेला सायकल नकाशा बरा, त्यात पायवाटा आणि चढही दिसतात. आणि चढ जायच्या वाटेवर येऊ द्या, यायच्या वाटेवर नको, दमलेल्या पायांनी चढ नकोसा होतो. (कामावर घामेजून पोचायचं नसेल तर बरोब्बर उलट.)

सरळमार्गी

@आडवाट, शेवटचं विचारतो. तुमच्या यादीतले पादचारी पूल. मागे मुलाची सीट, पुढे पिशवी, अशी सायकल घेऊन पन्नास पायऱ्या कोण चढणार? रातराणी?

रातराणी

मी नाही.

आडवाट

जिन्याच्या कडेला चाक सरकवायला पन्हळ असेल तर रिकामी सायकल चढते, मुलाची सीट असलेली नाही. त्यांच्यासाठी तो पूल यादीतून काढा आणि पुढचा सिग्नलवाला चौक धरा, अंतर कितीही वाढो.

सरळमार्गी

म्हणजे हमरस्त्यावरचाच.

आडवाट

ओलांडायला हो. त्याच्यावरून चालवायला अजूनही नाही.