फक्त फाईल टाकता-घेता यावी, सर्व्हरवर शिरता येऊ नये: खाती कशी बांधायची?

महाल_ऑफसेट
नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागात आमचं ऑफसेट छपाईचं काम आहे. इतवारी, धंतोली, वर्धा, भंडारा इथले नऊ डिझायनर छपाईच्या पीडीएफ पाठवतात. एकेक फाईल दोनशे ते चारशे एमबीची, मेलवर जात नाही. म्हणून उबंटू २२.०४ च्या सर्व्हरवर प्रत्येकाला खातं काढून दिलं.

आता दिसून राहिलं की तेच नाव-पासवर्ड पुट्टीत (दूरच्या सर्व्हरवर कमांड चालवायचं सॉफ्टवेअर) टाकलं की कोणीही थेट आत येतो, दुसऱ्याचं फोल्डर उघडतो, /ईटीसी हे सर्व्हरच्या सेटिंगचं फोल्डर सुद्धा वाचतो. एकाच्या लग्नपत्रिकेचं डिझाइन दुसऱ्यानं पाहिलं तर आमचा विश्वासच गेला. खात्याचा शेल (कमांड घेणारा प्रोग्राम) बदलून नोलॉगिन (लॉगिन नाकारणारा) केलं, तर पुट्टी बंद झालं पण फाईल पाठवणंही बंद पडलं. व्हीएसएफटीपीडी हा एफटीपी सर्व्हर टाकू का?

बजाजनगर_लिनक्स
भाऊ, एफटीपीकडे वळू नका. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, आणि पॅसिव्ह मोडसाठी राउटरवर पोर्टची आख्खी रांग उघडावी लागते ती वेगळी. तुमच्याकडे ओपनएसएसएच (ज्यातून पुट्टी आत येतं तेच) आहे, त्यातच २००८ पासून याची सोय आहे.

नोलॉगिननं फाईल का अडली ते आधी. मूळ मांडणीत एसएफटीपी-सर्व्हर (एसएसएचवरून फाईल देणारा-घेणारा) हा वेगळा प्रोग्राम असतो आणि तो खात्याच्या शेलमार्फत सुरू होतो. शेलच नाही म्हटल्यावर तोही नाही. ‘इंटर्नल-एसएफटीपी’ मात्र एसएसएचडीच्या (सर्व्हरवर एसएसएच लॉगिन सांभाळणारा प्रोग्राम) पोटातच आहे, त्याला शेल लागत नाही. त्यामुळे नोलॉगिन राहू द्या.

‘छपाई’ नावाचा ग्रुप काढा आणि यूजरमॉडनं सगळे डिझायनर त्यात घाला. पर्याय देताना छोटा ए आणि मोठा जी दोन्ही द्या. नुसता जी दिला तर त्या खात्याचे बाकीचे जोडग्रुप उडतात. मग एसएसएचडी_कॉन्फिग या सेटिंगच्या फाईलच्या अगदी शेवटी हे (उच्चार देवनागरीत लिहितोय, फाईलमध्ये मूळ स्पेलिंगच हवं):

मॅच ग्रुप छपाई
  क्रूटडिरेक्टरी /एसआरव्ही/छपाई/%यू
  फोर्सकमांड इंटर्नल-एसएफटीपी -डी /आवक

शेवटीच का, तर मॅच सुरू झालं की पुढचा मॅच किंवा फाईलचा शेवट येईपर्यंत सगळ्या ओळी त्याच गटाला लागतात. मध्ये टाकलंत तर खालच्या सर्वसाधारण ओळी फक्त डिझायनरांपुरत्या उरतील.

क्रूट म्हणजे त्या खात्याला तेवढं एकच फोल्डर म्हणजे अख्खी डिस्क वाटते. %यू च्या जागी खात्याचं नाव बसतं. त्या नावाचं फोल्डर रूटच्या (सर्व्हरचं मुख्य खातं) मालकीचं, परवानगी ७५५, म्हणजे लिहिणं फक्त मालकाला, बाकीच्यांना नुसतं वाचणं. त्याच्या आत ‘आवक’ हे फोल्डर डिझायनरच्या मालकीचं, फाईल तिथेच पडणार. बाहेरचं फोल्डर आत दाखवायला शॉर्टकट म्हणून सिमलिंक करू नका, क्रूटच्या आतून तो कुठेच पोचत नाही. बाइंड माउंट (तेच फोल्डर दुसऱ्या जागीही जोडणं) करावं लागतं.

बदल केल्यावर एसएसएचडी ला छोटा टी देऊन चालवा, चूक असेल तर ओळ क्रमांकासकट सांगतो. मगच रीलोड. आणि हे करताना स्वतःची एक एसएसएच खिडकी उघडी ठेवा, नवी खिडकी उघडून लॉगिन झाल्याची खात्री पटेपर्यंत जुनी मिटवू नका.

वर्धारोड_नेटवर्क
वरचं सगळं बरोबर, पण एक मोठं भोक राहिलं. या मांडणीत पोर्ट फॉरवर्डिंग (एसएसएचमधून दुसऱ्या यंत्रापर्यंत बोगदा काढणं) अजून चालू आहे. एसएसएचला मोठा एन देऊन नुसता बोगदा उघडला तर कोणतीच कमांड सुरू होत नाही, म्हणून फोर्सकमांड आडवं येत नाही आणि नोलॉगिनही नाही. त्या बोगद्यातून डिझायनर तुमच्या मायएसक्यूएल डेटाबेसच्या ३३०६ पोर्टपर्यंत, राउटरच्या पानापर्यंत, छापखान्यातल्या प्रिंटरपर्यंत जाऊ शकतो. त्याच मॅचखाली हे घालाच:

  अलाउटीसीपीफॉरवर्डिंग नो
  अलाउस्ट्रीमलोकलफॉरवर्डिंग नो
  अलाउएजंटफॉरवर्डिंग नो
  एक्स११फॉरवर्डिंग नो
  परमिटटनेल नो

‘डिसेबलफॉरवर्डिंग येस’ ही एकच ओळ आहे, पण १०.० च्या आधीच्या आवृत्त्यांत ती एक्स११ आणि एजंट फॉरवर्डिंग बंद करत नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये ते दुरुस्त झालं. तुमच्या २२.०४ वर पाचही ओळी वेगवेगळ्या लिहा.

महाल_ऑफसेट
धन्यवाद दोघांनाही. सगळं केलं, छोट्या टीनं काही चूक दाखवली नाही. पण आता फाईलझिला (डिझायनरांचं फाईल पाठवायचं सॉफ्टवेअर) पासवर्ड घेतो आणि लगेच कनेक्शन तुटतं. ऑथ.लॉगमध्ये ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर क्रूट डिरेक्टरी कंपोनंट’ आणि पुढे /एसआरव्ही/छपाई/ असं येऊन राहिलं. आतलं डिझायनरचं फोल्डर तर रूटचंच आहे, ७५५ च आहे.

बजाजनगर_लिनक्स
नुसतं शेवटचं फोल्डर नाही जी, मुळापासून प्रत्येक पायरी रूटच्या मालकीची हवी आणि एकाही पायरीवर ग्रुपला किंवा इतरांना लिहिण्याची परवानगी नको. संदेशात जी पायरी छापली आहे तीच दोषी. ‘नेमआय’ ला छोटा एल देऊन पूर्ण मार्ग टाका, एकाखाली एक सगळ्या पायऱ्यांची मालकी दिसेल. बहुधा मधलं ‘छपाई’ फोल्डर ७७५, म्हणजे ग्रुपलाही लिहिता येणारं, झालेलं असेल. ७५५ करा.

हा हट्ट उगाच नाही. क्रूटच्या मुळाशी खातेदाराला लिहिता आलं तर तो आत स्वतःच्या ईटीसी आणि लिब फायली रचून, जास्त अधिकारानं चालणाऱ्या प्रोग्रामला फसवू शकतो. म्हणून एसएसएचडी सरळ नकार देतो. हा नियम चुकवायची युक्ती नेटवर कुठे सापडली तरी लावू नका.

महाल_ऑफसेट
मधलंच ७७५ होतं भाऊ. झालं. पुट्टीतून गेलं तर आता ‘धिस सर्व्हिस अलाउज एसएफटीपी कनेक्शन्स ओन्ली’ एवढी ओळ येते आणि खिडकी मिटते. अगदी हवं तसं.

दोन गोष्टी उरल्या. छपाईच्या प्लेट बनवणाऱ्या आमच्या पोरांना आवकमधली फाईल छापून झाल्यावर हलवता येत नाही. आणि एका डिझायनरनं काम सोडलं, त्याच्या खात्याला यूजरमॉडचा मोठा एल लावून कुलूप घातलं, तरी त्याच्या लॅपटॉपवरून तो एसएसएच चावीनं (पासवर्डऐवजी चालणारी फाईल) येतोच आहे.

वर्धारोड_नेटवर्क
पहिलं: फाईल हलवायला किंवा पुसायला फाईलची परवानगी लागत नाही, ती ज्या फोल्डरात आहे तिथे लिहिता यावं लागतं. ‘प्लेट’ ग्रुप काढा, पोरांना त्यात घाला, आवक फोल्डरचा ग्रुप तो करा आणि परवानगी २७७०. पुढचा २ लावल्यानं आत येणारी प्रत्येक फाईल ‘प्लेट’ ग्रुपचीच होते, डिझायनरला त्या ग्रुपात घेण्याची गरज नाही. डिझायनर आत उपफोल्डर काढत असतील तर इंटर्नल-एसएफटीपीपुढे ‘-यू ०००७’ जोडा, हा उमास्क, म्हणजे नव्या फाईलची कोणती परवानगी कापायची ते. मात्र उमास्क परवानगी फक्त कापतो, वाढवत नाही. समोरच्या सॉफ्टवेअरनंच ६४४ मागितलं तर फाईल ६४० होणार, म्हणजे पोरं वाचतील आणि हलवतील, पण तीच फाईल बदलून सेव्ह करू शकणार नाहीत. छपाईला तेवढं पुरतं.

दुसरं जास्त तातडीचं आहे. मोठा एल फक्त पासवर्डला कुलूप लावतो, चावीचा रस्ता मोकळाच राहतो. ‘चेज’ ला मोठा ई आणि शून्य द्या, म्हणजे खात्याचीच मुदत संपते आणि दोन्ही वाटा बंद होतात. तो आत्ता जोडलेला असेल तर ते कनेक्शन मात्र आपोआप तुटत नाही, ‘पीकिल’ ला छोटा यू आणि त्याचं नाव देऊन तोडा.

आणि चाव्या डिझायनरांच्या होममध्ये ठेवूच नका. मॅचखाली ‘ऑथोराइज्डकीजफाईल /ईटीसी/एसएसएच/चाव्या/%यू’ लिहा. फोल्डर रूटचं ७५५, आतली प्रत्येक फाईल रूटची ६४४. ६०० केलीत तर चावी चालणार नाही, कारण एसएसएचडी ती फाईल त्या खात्याच्याच अधिकारानं वाचतो. मग नवी चावी जोडणं आणि जुनी काढणं, दोन्ही फक्त तुमच्या हातात.